ओझे कुणाचे, बळ कुणाचे?

(रायपूर येथे मराठी भाषक स्त्री-पुरुष कार्यकर्त्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई, रेशन, कामगारकपात असे जिव्हाळ्याचे प्रश्न उभे असताना स्त्रियांच्या पॉवरलिफ्टिंगवर भाषण कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या शंकेचे उत्तर टाळून मला पुढे जाता येणार नाही. म्हणून प्रारंभीच सांगते की, स्त्रीच्या अंगातील बळावर कुणाची मालकी असावी, हा या विषयाचा गाभा आहे. शेतात, खाणीत, इमारतीच्या कामावर आणि घरात हे बळ रोज खर्ची पडते, पण ते तिचे म्हणून कुणी मोजत नाही. लोखंडी दांडीवर चढवलेले वजन मात्र किलोत मोजले जाते आणि तिच्या नावावर लिहिले जाते. हा फरक लहान नाही.

खेळाचे स्वरूप

प्रथम हा खेळ म्हणजे काय ते पाहू. भारोत्तोलन आणि पॉवरलिफ्टिंग हे दोन वेगळे खेळ आहेत. भारोत्तोलनात वजन डोक्यावर नेले जाते. त्याचे प्रकार दोन, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. पॉवरलिफ्टिंगमध्ये प्रकार तीन. स्क्वॉटमध्ये खांद्यावर दांडी घेऊन, नितंबाचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली जाईपर्यंत बैठक मारून उठायचे. बेंच प्रेसमध्ये बाकावर उताणे पडून छातीवर आणलेले वजन वर ढकलायचे. डेडलिफ्टमध्ये जमिनीवरील वजन सरळ उभे राहीपर्यंत उचलायचे. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात. तीन पंच असतात. किमान दोघांचा पांढरा दिवा लागला तरच उचल ग्राह्य. तिन्ही प्रकारांतील सर्वोत्तम वजनांची बेरीज करून निकाल लागतो. बेरीज समान झाली तर जिचे शरीराचे वजन कमी, ती विजयी.

स्त्रियांच्या भारोत्तोलनात दांडी १५ किलोची असते, पुरुषांच्या २० किलोची. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र दोघांना तीच २० किलोची दांडी आणि तेच नियम. गट शरीराच्या वजनानुसार पडतात. येथे सौंदर्याला गुण नाहीत, हावभावाला नाहीत, घराण्याला तर नाहीतच.

उशिरा उघडलेले दार

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला आणि पुढील वर्षी पुरुषांची जागतिक स्पर्धा भरली. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली ती १९८० मध्ये, अमेरिकेतील लोवेल येथे. भारोत्तोलनात तर स्त्रियांना जागतिक स्पर्धेसाठी १९८७ पर्यंत आणि ऑलिंपिकसाठी २००० पर्यंत थांबावे लागले. पुरुषांचे भारोत्तोलन १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येही होते. म्हणजे या दोन पावलांतील अंतर शंभर वर्षांहून अधिक आहे.

दार उघडताच भारतीय स्त्रियांनी काय केले, याची नोंद घेतली पाहिजे. मणिपूरच्या कुंजराणी देवी यांनी १९८९ मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत तीन रौप्यपदके मिळवली. १९ सप्टेंबर २००० रोजी सिडनी येथे आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरी यांनी एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यानंतर दीड महिना लोटायच्या आत, १ नोव्हेंबर २००० रोजी, आपले छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाले, मीराबाई चानू यांनी २०२ किलो उचलून रौप्यपदक आणले. लहानपणी डोंगरातून लाकडाच्या मोळ्या वाहून आणणारी ही मुलगी.

मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे जागतिक कनिष्ठ गटाची स्पर्धा झाली. त्यात पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने ४५ किलो गटात १५३ किलो उचलून सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेतील भारताचे ते पहिले सुवर्ण. त्याच स्पर्धेत ४९ किलो गटात १५६ किलो उचलून रौप्यपदक मिळवले ते ज्ञानेश्वरी यादव हिने. आणि ही ज्ञानेश्वरी कुठली? येथून पश्चिमेला दीड-दोन तासांच्या अंतरावरील आपल्या राजनांदगावची. मावळची मुलगी आणि राजनांदगावची मुलगी एकाच स्पर्धेत, एकाच तिरंग्याखाली उभ्या राहिल्या. पॉवरलिफ्टिंगमध्येही पुण्याच्या आयुर्वेद चिकित्सक डॉ. शर्वरी इनामदार यांनी आपला व्यवसाय आणि संसार सांभाळून राष्ट्रकुल स्पर्धेत पदके मिळवली आहेत.

छत्तीसगडच्या स्त्रीचे बळ

राजनांदगाव हे नाव श्रमिक चळवळीला नवे नाही. तेथील कापड गिरणीच्या कामगारांनी १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली महिन्याहून अधिक काळ संप चालवला. आज ती गिरणी बंद आहे. पण ज्या गावाने यंत्रावर घाम गाळणारे हात दिले, त्याच गावाने वजन उचलणारे हात दिले. याला मी चमत्कार म्हणणार नाही. श्रमिकांच्या वस्तीत बळ असतेच. उणीव असते ती संधीची, आहाराची आणि फावल्या वेळाची.

आपण मराठी माणसे या भूमीत जुनी. बिंबाजी भोसले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८५४ पर्यंत येथे नागपूरकरांचीच सत्ता होती. त्यानंतरच्या काळात कचेऱ्या, रेल्वे आणि शाळांच्या निमित्ताने आपली कुटुंबे रायपुरात स्थिरावली. आपल्यापैकी पुष्कळांचे घर मध्यमवर्गीय आहे. म्हणून आपल्याला हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे की, आपल्या घराची भिंत उभारताना घमेली कुणी वाहिली. या शहरात सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या रेजा आपण रोज पाहतो. एका घमेल्यात २० किलो माल धरा आणि दिवसाला दोनशे खेपा धरा. हिशेब चार हजार किलोंचा होतो, म्हणजे चार टन. स्पर्धेतील खेळाडू संपूर्ण दिवसात नऊ वेळा वजन उचलते आणि प्रत्येक प्रयत्नानंतर विश्रांती घेते. रेजेच्या चार टनांना ना पंच, ना पांढरा दिवा, ना नोंद. उलट मजुरी वाटताना "बाईचे काम हलके" असे सांगून तिच्या हातावर पुरुषापेक्षा कमी पैसे ठेवले जातात. १९७६ च्या समान वेतन कायद्यानंतरही ही रीत संपली नाही.

दल्ली राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींतही तेच. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे खनिज फोडण्यात आणि गाड्यांत भरण्यात हजारो स्त्रियांचे हात होते. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे १९५९ मध्ये उद्घाटन झाले, त्याची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. त्या खनिजाची टोपली डोक्यावर घेतलेल्या स्त्रीचे छायाचित्र क्वचितच पाहिले. जून १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या अटकेनंतर झालेल्या गोळीबारात अकरा जण बळी पडले. त्यांत अनसूयाबाई ही कामगार स्त्री होती. पुढे संपूर्ण यांत्रिकीकरणाचा घाट घातला गेला, तेव्हा सर्वांत आधी घरी जाण्याची पाळी स्त्रियांवर येणार हे ओळखून तेथील संघटनेने अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय पुढे केला. कालपर्यंत दगड वाहण्यास समर्थ असलेली स्त्री यंत्र येताच यंत्र चालवण्यास असमर्थ कशी ठरते, हा तो प्रश्न होता.

'नाजूकपणा' कुणाच्या सोयीचा?

स्त्री नाजूक आहे की बळकट आहे, हे ठरवण्याचा अधिकार आजवर भांडवलाने स्वतःकडे ठेवला आहे. याचा एक उघड दाखला देते. ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये नियम करून स्त्रियांना भूमिगत खाणकामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्यास आरंभ केला. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई पडली आणि १९४३ मध्ये तीच बंदी उठवण्यात आली. त्यात आपला तत्कालीन मध्य प्रांतही होता. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली. या सतरा वर्षांत स्त्रीचे शरीर बदलले नव्हते. बदलली होती ती कोळशाची गरज.

येथे एक धोका ओळखून ठेवला पाहिजे. उद्या एखादा ठेकेदार म्हणेल, "तुमच्या मुली दीडशे किलो उचलतात, मग कामावरील ओझ्याची मर्यादा कशाला हवी?" हा युक्तिवाद ऐकायला चटपटीत आहे, पण खोटा आहे. खेळाडू आपल्या इच्छेने, तयारीने, मोजून आणि विश्रांती घेऊन वजन उचलते. नको वाटले तर खाली ठेवते. मजूर स्त्रीला ओझे खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य नसते, कारण त्या ओझ्याला तिची चूल बांधलेली असते. इजा घडवील इतके ओझे कुणालाही वाहायला लावू नये, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमात होते आणि त्यात 'कुणालाही' या शब्दाला महत्त्व होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये केलेला कमाल वजनाचा करारही पुरुषांसह सर्व कामगारांसाठी आहे. ओझ्यावरील मर्यादा ही स्त्रीच्या दुर्बलतेची कबुली नव्हे. ती श्रमिकाच्या शरीरावर मालकाची मालकी चालणार नाही याची घोषणा आहे. म्हणून व्यासपीठावर अधिक वजन आणि कामावर कमी ओझे, या दोन्ही मागण्या आपण एकाच तोंडाने केल्या पाहिजेत. त्यांत विसंगती नाही.

गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरोघरी एक भीती असते की, वजन उचलल्याने मुलीचे गर्भाशय खाली सरकेल, पाळी बिघडेल, मूल होणार नाही. वैद्यकशास्त्राचा अनुभव काय सांगतो? गर्भाशय खाली सरकण्यामागे वारंवार होणारी बाळंतपणे, बाळंतपणानंतर पुरेशा विश्रांतीवाचून कष्टाला जुंपणे आणि कुपोषण ही मोठी कारणे आहेत. म्हणजे ज्या गोष्टींना आपण 'बाईचा जन्म' म्हणून मान तुकवतो, त्यांचाच यात वाटा आहे. पद्धतशीर, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने स्नायू बळकट होतात आणि हाडांची घनता टिकते. उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा त्रास स्त्रियांना अधिक असतो, म्हणून हा लाभ मोठा आहे. काही खेळाडूंना भारी वजन उचलताना लघवी सुटण्याचा त्रास होतो, हेही लपवू नये. ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने तो बहुधा आटोक्यात येतो. लाजेने तो झाकून ठेवणे हाच खरा अपाय. आणि उपाशीपोटी वजन घटवून खालच्या गटात उतरण्याचा हट्ट धरला तर पाळी थांबू शकते. दोष वजनाचा नसतो, उपाशीपणाचा असतो.

यातून आपण आहाराच्या प्रश्नावर येतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण भारतात ५७ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि छत्तीसगडमध्ये ६०.८ टक्के होते. चार वर्षांपूर्वीच्या पाहणीत छत्तीसगडचा आकडा ४७ टक्के होता. सर्वसाधारण माणसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. बळाचा खेळ खेळणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम. ६० किलो वजनाच्या मुलीला दिवसाला ८४ ते १२० ग्रॅम प्रथिने हवीत. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. भात आणि बासीवर दिवस काढणाऱ्या घरात हा हिशेब कसा जमायचा? २०१९ मध्ये याच राज्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातील अंड्यावरून वाद पेटला, हे स्मरणात असू द्या. बाजारातील महागड्या प्रथिन-भुकट्यांच्या जाहिराती श्रमिकांच्या मुलींसाठी नाहीत. त्यांच्यासाठी रेशनवरील चणे, डाळ, अंगणवाडीतील पूर्ण आहार आणि मुलीच्या ताटात मुलाइतकाच वाटा, हेच खरे प्रशिक्षण आहे.

आपल्यातील आक्षेप

काही साथी म्हणतात की, जिम हा सुखवस्तूंचा शौक आहे. दिवसभर घमेली वाहिलेल्या स्त्रीला तुम्ही संध्याकाळी दांडी उचलायला सांगणार का? या आक्षेपात तथ्य आहे. आठ-दहा तास राबलेल्या शरीराला आधी विश्रांती हवी, मग व्यायाम. म्हणूनच कामाचे तास आणि खेळ हे प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत. युरोपातील कामगार चळवळीने हे ओळखले होते. १९२५ मध्ये फ्रँकफर्ट, १९३१ मध्ये व्हिएन्ना आणि १९३७ मध्ये अँटवर्प येथे कामगारांची ऑलिंपियाडे भरली आणि त्यांत स्त्रियांना स्थान होते. पण समाजवादी देशांचे सगळेच अनुकरणीय होते असे मानू नये. सोव्हिएत क्रीडा समितीने १९७३ मध्ये स्त्रियांच्या फुटबॉलसारख्या खेळांना 'स्त्रीप्रकृतीस अयोग्य' ठरवून विरोध केला होता. पूर्व जर्मनीत तर पदकांच्या हव्यासापायी अल्पवयीन मुलींना त्यांच्या नकळत संप्रेरके देण्यात आली आणि त्यांची शरीरे कायमची बिघडली. ध्वज कोणत्याही रंगाचा असो, मुलीचे शरीर पदकाचे साधन बनवणे हा गुन्हाच आहे.

आपल्या देशात हा धोका संपलेला नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताच्या दोन महिला भारोत्तोलकांच्या चाचण्या सदोष ठरल्या. शिक्षा मुलीला होते. औषध पुरवणारा आणि पदकाचा दबाव आणणारा बहुधा पडद्याआड राहतो. त्यातच पॉवरलिफ्टिंग हा ऑलिंपिक खेळ नाही. पॅरालिंपिकमध्ये त्यातील केवळ बेंच प्रेस दिव्यांगांसाठी आहे, ज्यात बंगालच्या सकीना खातून यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकबाहेरच्या खेळाला शासनाचा पैसा अपुराच पोचतो. परदेशातील स्पर्धेसाठी निवड झालेली मुलगी गावात वर्गणी मागत फिरते, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही.

दुसरा धोका सत्तेचा. जानेवारी २०२३ पासून देशाच्या महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले आणि २८ मे २०२३ रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेले. दंडात बळ असले म्हणजे स्त्री सुरक्षित होते, हा समज त्या दिवशी गळून पडला. हमीदा बानूचे उदाहरण जुने आहे. १९५४ मध्ये मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला तिने दोन मिनिटांच्या आत चीत केले होते. पण घरातील मारहाण तिला चुकली नाही आणि आखाड्यातील ही सम्राज्ञी पुढे कल्याणला दूध विकून गुजराण करू लागली. एकट्या दंडाचे बळ पुरत नाही. त्याला संघटनेचे बळ लागते.

कार्य कोणते?

तेव्हा केवळ पदकविजेत्या मुलींचा सत्कार करून थांबायचे नसेल, तर पुढील कामे हाती घेतली पाहिजेत.

पहिले, महापालिकेच्या व्यायामशाळांत स्त्रियांसाठी ठराविक वेळ, दांड्या, चकत्या, सुरक्षा-आडण्या असलेले स्टँड, स्वच्छतागृह आणि स्त्री प्रशिक्षक यांची मागणी. दुसरे, प्रत्येक क्रीडा संघटनेत आणि व्यायामशाळेत २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे की नाही याची चौकशी. नसेल तेथे आंदोलन. तिसरे, शाळा आणि अंगणवाडीच्या आहारात डाळ, चणे व ज्यांना हवे त्यांना अंडे. चौथे, उत्तेजक द्रव्यांबद्दल मुलींना व पालकांना समजेल अशा भाषेत माहिती. पाचवे, बांधकामावरील ओझ्याला मर्यादा, समान मजुरी आणि बाळंतपणाची भरपगारी रजा. आणि सहावे काम आपल्या घरातले : मुलगी सरावाला निघाली की स्वयंपाक कुणी करायचा, हा प्रश्न तिच्या आईवर न टाकता भावाने आणि बापाने वाटून घ्यायचा. या सहाव्या कामासाठी कोणत्याही मंत्र्याकडे निवेदन द्यावे लागत नाही.

भगिनींनो, सर्वच मुली पॉवरलिफ्टर होणार नाहीत, व्हाव्यात असेही नाही. पण स्वतःच्या पाठीत, मांड्यांत आणि मनगटांत किती बळ आहे हे जिने एकदा मोजून पाहिले, तिला "तुला काय जमणार" असे सांगणे पुढे कुणालाही अवघड जाते : नवऱ्याला, ठेकेदाराला आणि अधिकाऱ्यालाही. स्त्रियांनी आजवर जगाचे ओझे वाहिले, त्याची मोजदाद झाली नाही. यापुढे त्या काय उचलतील आणि काय खाली ठेवतील, हे त्यांनी स्वतः ठरवावे आणि त्या निर्णयामागे आपली संघटना ठामपणे उभी राहावी, एवढेच आवाहन करून मी माझे भाषण पूर्ण करते.